कुंभाराची माती आणि गावचं निस्तार पत्रक

आमच्या गावच्या कुंभाराला तलावातली माती धंद्यापुरती फुकट नेता येते, आणि हे सरकारी कागदावर, म्हणजे गावच्या निस्तार पत्रकावर, लिहिलेलं आहे. ही गोष्ट गावात सगळ्यांना तोंडपाठ होती. कागद मात्र कोणी पाहिलेला नव्हता. तो शोधायला, वाचायला आणि साहेबांपुढे मांडायला काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण असा कागद फक्त आमच्याच गावाचा नाही. पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातल्या गावोगावचे असे कागद कुठल्या ना कुठल्या कपाटात फडक्यात बांधून पडलेले आहेत, आणि ज्यांचे हक्क त्यात लिहिलेत त्यांना ते ठाऊकच नाहीत.

मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. दाखले काढणं, ऑनलाइन अर्ज भरणं, ठराव टाइप करणं हे माझं रोजचं काम. माझे सासरे, आम्ही मामाजी म्हणतो, गावातले चाकावर बसणारे शेवटचे दोन कुंभार, त्यातले एक. उन्हाळ्यात माठ, अक्षय तृतीयेला पितरांच्या घागरी, पोळ्याला मातीचे बैल, दिवाळीला पणत्या. मधल्या दिवसांत थोडी मजुरी, थोडी धानाची रोवणी.

माती आमच्या तलावाची. मालगुजाराच्या, म्हणजे इंग्रजी अमलातल्या गावमालकाच्या, काळातला जुना तलाव आहे; माजी मालगुजारी तलाव, म्हणून लोक मामा तलावच म्हणतात. त्याच्या पोटात खोलगट भागाला काळसर चिकणमाती मिळते, ती फक्त एप्रिल-मेमध्ये, पाणी हटलं की. मामाजी आधी मूठभर माती उचलतात, पाण्याच्या थेंबात मळतात, तळहातावर करंगळीएवढी वळी करतात आणि ती वळी बोटाभोवती गुंडाळतात. तडा गेला की माती टाकून पुढे दोन पावलं. न तडकता वळली की तिथंच खणायचं. मग घरी आणून वाळवायची, कुटायची, चाळायची, भिजत घालायची, त्यात चाळलेली बारीक रेती आणि राख मिसळायची. पावसाळ्याआधी आणली नाही तर वर्षभर चाक बंद.

पूर्वी बैलगाडीने आणायचे. आता आमच्याकडे बैल नाहीत, म्हणून शेजारच्या काकांचा ट्रॅक्टर-ट्रॉली भाड्याने घेतला. भरलेली ट्रॉली पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, खाली उतरली आणि रस्त्यावर महसूलचं पथक उभं. परवाना कुठे, रॉयल्टी भरली का, पावती दाखवा. मामाजी म्हणाले, "साहेब, कुंभाराची माती हाये. बापजाद्यापासून नेतो." त्यावर त्यांना सांगण्यात आलं की माती हे गौण खनिज आहे, विनापरवाना उचललं की जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, आणि वाहन जप्त होतं. ट्रॅक्टर तहसीलच्या आवारात जाऊन उभा राहिला. काकांची उन्हाळी नांगरणी अडली. त्यांनी आम्हाला शब्दाने दुखावलं नाही, पण त्यांच्या घरासमोरून जाताना आम्हाला मान वर करवत नव्हती.

मला सगळ्यात लागलं ते हे, की त्याच तलावातून आदल्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांनी गाळ काढून बांध्यांत टाकला होता. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि चांगली आहे, तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण शेतकऱ्याला गाळ फुकट आणि त्याच तलावात कुंभार चोर, हे मनाला पटेना.

पहिली वाट धरली पटवाऱ्याची. आता त्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून पटवारीच म्हणतात. आमचे पटवारी तरुण आहेत, दुसऱ्या भागातून आलेले, कामाला चोख. त्यांनी सगळे गाव नमुने उघडून दाखवले. एकवीस नमुन्यांत कुठेच कुंभाराची माती नाही. "असा काही नमुना नाहीये ताई," म्हणाले. खोटं बोलत नव्हते. त्यांच्या दप्तरात तो नव्हताच.

निस्तार हे नाव मला सांगितलं ते गावातल्या निवृत्त कोतवाल आजोबांनी. वय ऐंशीच्या पुढचं, डोळे अधू, पण आठवण पक्की. त्यांनी सांगितलं की मालगुजारी गेली तेव्हा गावात साहेब आले होते, सगळ्यांना पारावर बसवून विचारलं होतं, ढोरं कुठं चरतात, मुर्दा कुठं नेता, काडी-काटे कुठून आणता, माती कुठून. ते सगळं लिहून घेतलं. "त्याच्यात गावची सारी रीत लिवली हाये, बेटा. बस्ता मीच डोक्यावर घेऊन गेलतो तसिलीत." बस्ता म्हणजे फडक्यात बांधलेलं कागदांचं गाठोडं. पटवाऱ्याकडे शोधू नको, रेकॉर्ड रूममध्ये शोध, हा सल्ला त्यांचाच. त्यांनी तो दिला नसता तर मी अजून नमुनेच चाळत बसले असते.

मग मी आधी कायदाच वाचायला घेतला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मोबाइलवर उतरवली आणि रात्री स्वयंपाक आटोपला की एकेक कलम वाचत गेले. कलम १६१ वर आले तेव्हा झोप उडाली. जिल्हाधिकाऱ्याने गावातल्या बिनभोगवट्याच्या, म्हणजे कोणाच्या नावावर नसलेल्या जमिनीच्या व्यवस्थापनाची योजना करायची, तिला म्हणायचं निस्तार पत्रक. आधी मसुदा गावात प्रसिद्ध करायचा, गावकऱ्यांची इच्छा जाणून घ्यायची, मग कायम करायचं. कलम १६२ मध्ये त्यात काय काय असावं ते आहे: चराई कोणत्या अटींवर, लाकूड, सरपण आणि वनोपज किती, मुरूम, कंकर, रेती, माती, दगड किती. आणि कलम १६३! शेतीच्या जनावरांना शक्य तितकी मोफत चराई, घरच्या खऱ्या गरजेपुरती वनोपज आणि गौण खनिज मोफत, आणि गावच्या कारागिरांना त्यांच्या धंद्यासाठी या वस्तू नेण्याची सवलत. कारागिरांना, त्यांच्या धंद्यासाठी. मी मामाजींना उठवून वाचून दाखवलं. ते नुसते "हो ना, तेच तं" म्हणाले आणि परत झोपले. त्यांना त्यात नवीन काही नव्हतं.

ज्या संहितेतलं कलम ४८ दाखवून ट्रॅक्टर नेला, त्याच संहितेत पुढे कलम १६३ आहे. पुस्तक एकच. हे मी पुढे प्रत्येक टेबलावर सांगितलं.

हे सगळं प्रकरण फक्त विदर्भाला लागू आहे, उर्वरित महाराष्ट्राला नाही. कारण समजून घ्यायला मला थोडं मागे जावं लागलं. नागपूरच्या बाजूच्या जिल्ह्यांत इंग्रजांच्या बंदोबस्तात, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्यात, मालगुजारी आली. वऱ्हाडात तशी नव्हती, तिथं रयतवारी, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा. मालगुजार गावाचा मालक झाला, पण पडीत जमीन, जंगल, तलाव यांवर गावकऱ्यांचा जो जुना वापर होता तो बंदोबस्ताच्या कागदात लिहून ठेवला जाई. पुढे मध्य प्रदेशाचा १९५० चा मालकी हक्क नष्ट करण्याचा कायदा आला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी गेली. गावची पडीत, झाडं, तलाव सरकारकडे गेले. आता मालक सरकार, मग गावकऱ्यांनी सरपण-माती कुठून आणायची? त्याचं उत्तर म्हणून १९५४ च्या मध्य प्रदेश भू-महसूल संहितेत निस्ताराची कलमं आली. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि १९६६ ची नवी संहिता करताना आपल्यासाठी तो भाग तसाच ठेवला गेला. राज्यं बदलली, राजधानी नागपूरवरून मुंबईला गेली, तरी कुंभाराची माती कायद्यातून सुटली नाही. ज्यांनी ही कलमं सांभाळून ठेवली त्यांचे मी मनापासून आभार मानते.

तालुक्याच्या कार्यालयात नकलेचा अर्ज दिला. मौजा, पटवारी हलका (पटवाऱ्याचा साझा) नंबर, मंडळ, तालुका, सगळं लिहून, कोर्ट फी तिकीट लावून. टेबलावरचे बाबू म्हणाले, "ताई, हे जुनं-पुराणं झालं. असे कायदे आता कागदावरच असतात." त्यांच्याशी मी वाद घातला नाही, पण हे वाक्य मनात राहिलं. जुन्या कायद्यांच्या याद्या आपण सगळेच वाचतो. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवा, नाहीतर एक वर्षापर्यंत कैद, असं सांगणारा १८७८ चा कायदा. दारू प्यायला परवाना लागतो असं सांगणारा १९४९ चा कायदा. केंद्र सरकारने २०१४ नंतर असे दीड हजारांहून अधिक जुने कायदे रद्द केले, त्यातले पुष्कळ खरोखरच निकामी होते, आणि ते गेले ते बरंच झालं. पण कायदा निकामी आहे की नाही हे त्याच्या वयावरून ठरवणं मला मुळीच मान्य नाही. त्याच्यावर आज कोणाचं पोट अवलंबून आहे ते पाहिलं पाहिजे. दहा रुपयांची अट आज कोणाच्याच कामाची नाही. कलम १६३ आमच्या घराच्या कामाचं आहे.

काही दिवसांनी लेखी उत्तर आलं: अभिलेख आढळून येत नाही. असं उत्तर आलं की बहुतेक माणसं थांबतात, हे मी माझ्या टेबलावरून रोज पाहते. मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, पण त्यात नक्कल मागितली नाही, अभिलेखांची पाहणी मागितली. २००५ च्या कायद्यात माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या आहे तिच्यातच कामं, कागदपत्रं, अभिलेख तपासण्याचा अधिकार आहे. नक्कल मागितली की शोधणारा ते असतात. पाहणी मागितली की आपण. हा फरक मोठा आहे.

पाहणीचं पत्र मिळालं ते जिल्ह्याच्या अभिलेख कक्षासाठी. तिथले अभिलेखपाल निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. मी काय शोधते आहे ते ऐकल्यावर खुर्ची सरकवून उठलेच. म्हणाले, निस्तार पत्रक मागायला बाई पहिल्यांदा आली. उंच घोड्यांवर, म्हणजे मांडण्यांवर, लाल फडक्यांत बांधलेले बस्ते, प्रत्येकावर पुठ्ठ्याची चिठ्ठी, कोणत्या मंडळातली कोणती गावं. चिठ्ठ्यांवरची नावं पुसट झालेली. आमच्या मंडळाचे बस्ते जुन्या मंडळाच्या नावाखाली होते, मधल्या काळात मंडळाची फेररचना झाली म्हणून तालुक्यात ते "आढळून येत नव्हते". एकेक बस्ता सोडायचा, वरची धूळ झटकायची, मौजा वाचायचा, परत बांधायचा. काही कागदांना वाळवीने कडेने कुरतडलं होतं. दुपारनंतर त्यांनीच हाक मारली.

आमच्या गावाचं पत्रक जाड पिवळट कागदावर होतं, शाई तपकिरी पडलेली, अक्षर सुरेख आणि तिरकं. मराठीच, पण अधूनमधून हिंदी वळणाची. आडव्या रकान्यांत खसरा नंबर, म्हणजे जमिनीचा जुना क्रमांक, क्षेत्र, जमिनीचा प्रकार आणि कशासाठी राखून ठेवली ते. मी बोट ठेवून वाचत गेले. आबादी. आखर, म्हणजे सकाळी ढोरं गोळा करायची जागा. चराई. खळ्याची जागा. स्मशान. पोरांचे मुर्दे पुरायची वेगळी जागा. शेणखताचे खड्डे. मेलेलं जनावर सोलायची जागा. मुरमाची खाण. गावाबाहेर थांबणाऱ्या गाड्यांचा पडाव. आणि शेवटी अटींच्या पानावर कुंभारांची नोंद: मडकी आणि कवेलू, म्हणजे कौलं, करण्यासाठी तलावाच्या पोटातली माती बैलगाडीने विनामूल्य नेता येईल, पाळीपासून ठरावीक अंतर सोडून खणावं, आणि विकण्याच्या विटांसाठी ही सवलत नाही.

ती पाळीची अट वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मामाजी आजपर्यंत पाळीजवळ कधी खणत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "पार फुटल ना." त्यांनी हे पत्रक पाहिलेलं नाही. त्यांच्या वडिलांनीही पाहिलं नसेल. रीत आधीपासून होती, साहेबांनी ती लिहून घेतली.

त्याच बस्त्यात वाजिब-उल-अर्जही निघालं. कलम १६५ मध्ये त्याचं वर्णन आहे: जी जमीन किंवा पाणी सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नाही, तिथले सिंचनाचे, वाटेचे आणि मासेमारीचे गावातले रिवाज. कोणत्या बांधीला कोणाच्या बांधीतून पाणी न्यायचं, धानाची गाडी कोणत्या धुऱ्यावरून काढायची. धुऱ्यावरून आणि पांदणीवरून आमच्याकडे दरवर्षी डोकी फुटतात, आणि इथं नंबरासकट लिहून ठेवलंय. या नोंदीवर कोणाचा आक्षेप असेल तर प्रसिद्धीपासून एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावायचा, नाहीतर नोंद अंतिम, असंही त्याच कलमात आहे. मी दोन्हींच्या प्रमाणित नकला घेतल्या.

नक्कल हातात आली तरी काम झालं नव्हतं, कारण पत्रकात खसरा नंबर जुना आणि आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर. मध्ये जमिनीचे तुकडे जोडून नवे गट पाडणारी एकत्रीकरण योजना होऊन गेलेली. हा तलाव तोच, हे कागदाने जोडून दाखवावं लागतं, नाहीतर साहेब विचारतातच. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा आणि दोन्ही नकाशे काढले. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण टाळू नये.

तहसीलदारांसमोर सुनावणी झाली. मामाजी धुतलेलं धोतर नेसून आले होते, हातावर मात्र मातीच. मी पत्रकाची नक्कल, कलम १६१ ते १६३ चे कागद, जुन्या-नव्या नंबरांचा उतारा आणि ग्रामपंचायतीचा 'हे इसम परंपरेने कुंभारकाम करतात' हा दाखला असं सगळं क्रमाने लावून दिलं. साहेबांनी घाईने वाचलं नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. नोंदीवर बोट ठेवून ते म्हणाले, माती मान्य आहे. पण इथं बैलगाडी लिहिलं आहे, तुम्ही ट्रॅक्टर नेला.

यावर मामाजी बोलले. "साहेब, बैल राहिले कोठी गावात? ट्रॉली भरली ते वर्षाची माती. बैलगाडीच्या चार-पाच खेपा, तेवढीच होते. जास्तीची घेऊन मी करू का?" साहेबांनी मला विचारलं, ट्रॉलीत किती माती होती, आणि आव्यात एका वेळेला किती मडकी भाजतात, वर्षात किती आवे लागतात. मामाजींनी बोटं मोडत सगळा हिशेब सांगितला. साहेबांनी तो लिहून घेतला.

आदेश असा झाला की मातीवर दंड नाही, ती नोंदीप्रमाणे धंद्यापुरती आहे. ट्रॅक्टर बंधपत्रावर सोडावा. यापुढे पत्रकात बदल होईपर्यंत बैलगाडीच वापरावी. बदल हवा असेल तर ग्रामपंचायतीने कलम १६१(३) खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे विनंती करावी, चौकशी करून नोंद दुरुस्त करता येते. काकांचा ट्रॅक्टर संध्याकाळी घरी आला. ती माती अजून आमच्या अंगणात फाऱ्यांखाली झाकून आहे, तिच्यातूनच या वर्षीचे पोळ्याचे बैल झाले.

बदलाच्या विनंतीसाठी ग्रामसभा बोलावली. सरपंच म्हणाले, ठराव घेण्याआधी पत्रक सगळं वाचा, लोकांना कळू द्या. मी माइकवर पहिल्या ओळीपासून वाचलं. मला वाटलं होतं लोक उठून जातील. कोणी उठलं नाही. म्हाताऱ्या बाया जागेचं नाव आलं की आपसात बोलायच्या, तिथं अमक्याची बोडी, म्हणजे लहान तळं, होती, तिथं मोहाचं झाड होतं. गोवाऱ्यांच्या, म्हणजे गुराख्यांच्या, घरचे एक काका आखराचा नंबर आला तेव्हा उभे राहिले आणि विचारलं, "किती एकर लिवलं हाये?" मी सांगितलं. त्यांनी परत विचारलं, मी परत सांगितलं. आखर आज तेवढा नाही. तिथं काही घरं आहेत, एक गोदाम आहे. सभेत शांतता पसरली. सरपंचांनी तो विषय पुढच्या सभेवर ठेवला. मला ते पटलं नाही आणि मी तसं सांगितलं. कुंभाराचा हक्क त्या कागदावरून मान्य करायचा आणि गुराख्याचा बाजूला ठेवायचा, असं करता येणार नाही.

मातीच्या ठरावावरही भांडण झालंच. विटभट्टीवाले म्हणाले, मग आम्हालाही माती द्या. ढिवर समाजाच्या मासेमारी संस्थेची माणसं म्हणाली, खड्डे पडले की जाळं अडकतं आणि पाणी आटताना मासळी खड्ड्यात राहते, ते आम्हाला चालणार नाही. त्यांचं म्हणणं रास्त होतं. शेवटी तलावावर जाऊन सगळ्यांसमोर एक जागा आखून घेतली, मासेवाल्यांच्या संमतीने. ठरावात लिहिलं: चाकावर काम करणारे कुंभार, वर्षातून एकदा, ठरलेल्या जागेतून, ट्रॅक्टर चालेल, वीट नाही, पाळीपासून अंतर जुन्या पत्रकातलंच. ठराव जिल्हाधिकारी कार्यालयात गेला आहे, मंडळ अधिकाऱ्यांची स्थळपाहणी झाली आहे, निर्णय यायचा आहे.

हे कळल्यावर शेजारच्या गावातल्या बुरड बाया माझ्याकडे आल्या. त्यांना बांबूची अडचण. बांबू बहुतेक वनखात्याच्या हद्दीतला, तिथं निस्तार पत्रक एकट्याने पुरत नाही. पण २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ख) मध्ये निस्तार हे नाव स्पष्ट घातलेलं आहे, आणि गावाचा सामूहिक दावा करताना जुनं निस्तार पत्रक पुरावा म्हणून लावता येतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, सुमारे १,८०० हेक्टरवर, आणि पुढे आपला बांबू आपण विकला. आमच्याकडे एवढं मोठं जंगल नाही, पण त्या बायांच्या गावाला आहे. त्यांच्या अर्जाचं काम मी हाती घेतलं आहे.

झुडपी जंगलाबद्दल सगळे विचारतात, म्हणून तेही लिहिते. पूर्व विदर्भातल्या पुष्कळ पडीत जमिनी महसुली कागदात 'झुडपी जंगल' म्हणून आहेत. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनीच धराव्यात असा निर्णय दिला. तेव्हा तुमच्या पत्रकातली चराईची किंवा मुरमाची जागा झुडपीत येते का हे आधी सातबाऱ्यावर पाहून घ्या. येत असेल तर माती-मुरमाला हात लावण्यापूर्वी वनखात्याला विचारावं लागेल. आमचा तलाव त्यात नाही, म्हणून आम्हाला सोपं गेलं.

ज्यांना आपल्या गावाचं पत्रक काढायचं आहे त्यांनी अर्जात आजचा तालुका लिहून थांबू नये. मौजा, जुना पटवारी हलका, जुनं मंडळ, जुनी तहसील आणि शक्य असेल तर तलावाचा जुना खसरा नंबर लिहावा. गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत भंडाऱ्यात होता आणि गडचिरोली १९८२ पर्यंत चंद्रपुरात, तेव्हा तिकडच्या गावांनी आजच्या जिल्ह्यात कागद मिळाला नाही तर जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणीही विचारावं. "आढळून येत नाही" असं लेखी आलं तर पाहणीचा अर्ज करावा. आणि निघण्याआधी गावातल्या जुन्या कोतवालाला, जुन्या पोलीस पाटलाला भेटावं, बस्ता कोणत्या वर्षी कुठे गेला ते त्यांनाच माहीत असतं. आमचे कोतवाल आजोबा नक्कल पाहायला स्वतः चालत आले होते. त्यांना दिसत नाही म्हणून मी वाचून दाखवली, आणि पडावाच्या नोंदीत क्षेत्र थोडं कमी लिहिलंय असं ते म्हणाले. ती तपासायची आहे.